काखेतल्या गाठी आणि आपला अडाणी हट्ट

मी खजुरीचा, तालुका आळंद. बँकेतून रिटायर झालेला माणूस, डॉक्टर नाही. तरी लिहितोय, कारण हा विषय आपल्याकडं चुलीपाशीच दबून राहतो.

स्तनाचा कॅन्सर निघाला की घरातले कर्ते पुरुष एकच सांगतात, "साहेब, सगळं काढून टाका." त्यात माया असते, पण हिशेब चुकतो. रोग पसरू लागला की बहुधा आधी काखेतल्या लसिका ग्रंथींत शिरतो, म्हणून पूर्वी त्या सरसकट काढायचे. त्यानं काही जणींचा हात कायमचा सुजतो, खांदा आखडतो. आमच्या नात्यातल्या एका अक्कांना बांगडी चढेना, भाकरी थापता येईना. तूर कापणाऱ्या बाईचा हात गेला तर राहिलं काय?

सीमेवरच्या माणसाला चेकनाका समजावून सांगायला नको. स्तनाकडचा द्रव ज्या गाठीत पहिल्यांदा पोचतो, ती म्हणजे हा नाका. रंग टोचून ती शोधतात, काढून तपासतात. तिथं रोग नसला तर बाकीच्या काढायची गरज नसते. याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं तर काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्या गाठी तपासायची, महागडी यंत्रं न लागणारी पद्धतही अभ्यासली आहे.

२०२३ साली इटलीतल्या डॉक्टरांचा १४०५ बायकांवरचा अभ्यास छापून आला. स्तनातली गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि सोनोग्राफीत काख साफ, अशा बायकांच्या काखेला हातच लावला नाही, तरी पाच वर्षांत आजार दूरवर पसरण्याचं प्रमाण वाढलं नाही.

हे सगळं लवकर गेलं तरच. काखेत रोग शिरला असेल तर डॉक्टर जास्त काढतील, आणि ते बरोबरच आहे. शेवटचा निर्णय त्यांचाच. पण ऑपरेशनआधी विचारा: काखेची सोनोग्राफी झाली का? सेंटिनल तपासणी इथं होते का, नसेल तर कुठं? किती गाठी काढणार, आणि का?

कलबुर्गीचं किदवई केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आपल्या टप्प्यात आहे. बांधाचा दगड वीतभर सरकला तरी आपण त्याच दिवशी तहसील गाठतो. बाईच्या छातीतल्या गाठीला मात्र "सुगी होऊ दे" म्हणतो. हे आता थांबवा.