माळ्यावरची खोली



रमजानच्या आधी घराची झाडझूड निघाली की आमच्याकडे दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हे वर टाकून दे." वर म्हणजे माळ्यावर. मोमीनपुऱ्यातलं आमचं घर दादांच्या वेळचं. खाली तीन खोल्या, त्यांच्यावर मयाली आणि सागाच्या फळ्यांचा माळा, आणि सगळ्यावर कवेलूचं छप्पर. दादा विणकर होते. सुताच्या पेट्या माळ्यावर ठेवत. पुढे माग गेला, पण धोटे आणि फण्या राहिल्या. त्यांच्यावर लग्नाच्या देगा आल्या, फाटक्या रजया आल्या, मोडकी सायकल आली. खाली सात माणसं तीन खोल्यांत, आणि डोक्यावर तेवढीच जागा अटाल्यानं भरलेली.

आमची मोठी लेक बारावीला जाणार होती. सगळे झोपले की स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ टेकून ती पुस्तक उघडायची. तेव्हा आम्ही ठरवलं, माळ्याची खोली करायची. वाटलं होतं दोन महिन्यांचं काम. लागले चौदा महिने. इतवारी, महाल, हंसापुरी, आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या घरांत असे माळे आहेत, म्हणून या वेळी त्याचाच हिशेब तुमच्यापुढे मांडतो आहोत.

पहिला प्रश्न वजनाचा. मिस्त्री म्हणाले, फळ्यांवर दोन इंच कोबा टाकू, वर टाइल्स, एकदम पक्की खोली. आम्ही होकार देणारच होतो. ओळखीच्या एका इंजिनिअरना दाखवलं तर त्यांनी कागदावर आकडे मांडले. राहत्या खोलीच्या जमिनीनं चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार सोसावा, असं धरतात. दोन इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो, तोही कायमचा. म्हणजे माणूस पाय ठेवायच्या आधीच मयालींवर एवढं ओझं. आमच्या मयाली सुताच्या पेट्यांसाठी टाकलेल्या. कोबा रद्द झाला. जुन्या फळ्या घासून, खिळे बदलून तशाच ठेवल्या.

मयालींची तपासणीही त्यांनीच शिकवली. मधलं लाकूड बघून काही कळत नाही. मयाल भिंतीत शिरते ते टोक बघायचं. तिथं ओल धरते आणि वाळवीही तिथंच लागते. पेचकस टोचायचा. लाकूड चांगलं असेल तर तो अडतो. आमच्या नऊ मयालींपैकी एकीत मुठीपर्यंत घुसला. पन्हाळीचं पाणी कित्येक वर्षं त्याच भिंतीत मुरत होतं. आधी पन्हाळ दुरुस्त केली, मग ती मयाल बदलली.

दुसरा प्रश्न उन्हाचा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, ते दिवस कुणी विसरलेलं नसेल. आम्ही साधा तापमापक घेतला आणि एप्रिलच्या एका दुपारी चार वाजता आधी खाली, मग माळ्यावर ठेवला. सहा अंशांचा फरक निघाला. याचं कारण समजून घेतलं तर उपाय स्वस्तात होतो. गरम हवा वर चढते आणि आढ्याखाली कोंडून बसते. शिवाय तापलेलं छप्पर तव्यासारखं खाली धग फेकतं. म्हणून आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवले आणि खाली समोरासमोर खिडक्या. खिडक्यांचं माप खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी नसावं. कवेलूखाली एक वीत जागा सोडून बांबूच्या चटयांचं छत केलं. मधल्या पोकळीतली हवा धग अडवते. ज्यांचं छप्पर टिनाच्या पत्र्याचं आहे त्यांनी उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेशी सामन्याचा आराखडा केला. पुढे तिथं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी रंगवण्याचं कामही हाती घेतलं.

कूलरबद्दल एक सूचना. टाकीत साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. तो फळ्यांवर न ठेवता बाहेरच्या भिंतीवर लोखंडी स्टँडवर ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी असू द्या. नाहीतर खोलीत फक्त दमटपणा भरतो. लाकडी माळ्यावर विजेची उघडी वायर एक फूटसुद्धा नको. सगळी पाइपातून न्या, आणि माळ्याचा एमसीबी वेगळा ठेवा. शिडी काढून जिना करा. पायरी १९ सेंटीमीटरपेक्षा उंच नको आणि पाऊल ठेवायची जागा २५ पेक्षा कमी नको. आमच्या अम्मी आता त्या जिन्यानं एकट्या वर जातात.

तिसरा प्रश्न उंचीचा होता. आमचं काम अडलं ते इथं. नियमानं राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे जवळपास नऊ फूट उंची लागते. आमच्या माळ्याला आढ्याखाली साडेनऊ फूट होती, पण बाजूंना जेमतेम चार. म्हणजे भिंती अडीच-तीन फूट चढवून छप्पर वर घ्यायचं. त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि परवानगीला मालकीचा कागद. अब्बांनी ट्रंकेतून आखीव पत्रिका काढली. तिच्यावर नाव होतं दादांचं. दादांना जाऊन तीस वर्षं झाली, दादीजानही गेल्या, आणि फेरफार कुणी केलाच नव्हता.

आता वारसांच्या सह्या हव्या होत्या. अब्बा आणि त्यांच्या दोन बहिणी. एक फुफी कामठीला, एक अकोल्याला.

"त्यांनी तर केव्हाच माफ केलंय," अब्बा म्हणाले.

"कधी केलं, अब्बा?"

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुणी कधी मागितलं नाही, एवढंच."

वाचकहो, हे फक्त आमच्याच घरातलं असतं तर इथं लिहिलं नसतं. सूरह निसाच्या सातव्या आयतीत मालमत्ता थोडी असो की फार, पुरुषांबरोबर स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे. अकराव्या आयतीत वाटणीचं प्रमाण आहे : मुलाला दोन मुलींइतकं. एक मुलगा, दोन मुली, म्हणजे चार भाग. दोन अब्बांचे, एकेक फुफींचा. ज्या घराला आम्ही आजवर आमचं म्हणत आलो, त्याचं निम्मं त्या दोघींचं होतं. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आधी हक्क हातात द्या, मग तिनं खुशीनं परत दिला तर ती तिची भेट. न मागणं म्हणजे माफ करणं नव्हे.

अब्बा स्वतः अकोल्याला गेले. फुफींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाईजान, तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. मला माझा हिस्सा हवाय. पावसाळ्यात माझ्या घरात तीन ठिकाणी तपेल्या ठेवाव्या लागतात."

कामठीच्या फुफींचं उत्तर वेगळं. "पैसे नकोत. पण माफ केलं असंही लिहिणार नाही. अब्बाजानच्या घरावर माझं नाव राहू द्या."

मोहल्ल्यातल्या दोन जाणत्यांना बसवून घराची किंमत ठरवली. अकोल्याच्या फुफींना माळ्यासाठी जमवलेल्या रकमेतला मोठा भाग पहिला हप्ता म्हणून दिला. बाकी हप्ते दर चार महिन्यांनी. शेवटचा हप्ता गेला की हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचं, नोंदणीशिवाय त्याला अर्थ नाही. आखीव पत्रिकेवर तिघांची नावं चढली, नकाशावर तिघांच्या सह्या झाल्या, परवानगी मिळाली.

पैसे कमी पडले म्हणून पूर्ण माळ्याऐवजी पुढचाच अर्धा भाग उचलला. मागच्या अर्ध्यात अजून देगा आणि रजया आहेत. या सगळ्यात लेकीची बारावी ओट्याशेजारीच झाली. तिला हवे होते तेवढे गुण पडले नाहीत. ती काही बोलली नाही, पण आम्हाला ते लागलं. आता ती बी. फार्म.ला आहे आणि खोली तिची आहे. पहिला मे महिना तिनं वर काढला. दुपारी एक ते पाच खाली येते, बाकी वेळ वरच.

ईदला कामठीच्या फुफी आल्या. जिना चढून वर गेल्या आणि खिडकीत बसून राहिल्या. अटाल्यातला एक धोटा त्यांनी मागून घेतला, पदरात गुंडाळला आणि घेऊन गेल्या.

तुमच्याही घरात माळा रिकामा असेल तर जरूर वापरात आणा. मात्र मिस्त्रीला बोलावण्याआधी ट्रंकेतला कागद काढा. त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा, आणि कुणाचं असायला हवं तेही. अकोल्याचे आमचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. इन्शाअल्लाह, पुढच्या रमजानपर्यंत फिटतील.