फिजीला जाताय? मलेरियाच्या गोळ्यांपेक्षा महत्त्वाचे काही

सिडनी किंवा ऑकलंडला मुलांकडे गेलेले आईवडील हल्ली तिथून आठवडाभर फिजीलाही जाऊन येतात. निघण्यापूर्वी बरेच जण विचारतात, "डॉक्टर, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का?" फिजीत मलेरिया नाही, त्यामुळे गोळ्यांची गरज नाही. जवळच्या व्हानुआटू किंवा सॉलोमन बेटांवर मलेरिया आहे, तिकडे जाणार असाल तर आधी सल्ला घ्या.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे: "बेटावर आजारी पडलो, तर रुग्णालयात कसे पोहोचणार?"

फिजी हा तीनशेहून अधिक बेटांचा देश आहे. मोठी रुग्णालये सुवा, लौटोका, लबासा अशा मोजक्या शहरांत आहेत. यासावासारख्या लहान बेटांवरून तिथे यायचे तर बोट किंवा छोटे विमान लागते, आणि वादळी हवेत तेही थांबते. अतिगंभीर रुग्णाला अनेकदा विमानाने ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला हलवावे लागते. म्हणून मी पुढील गोष्टींचा आग्रह धरतो.

१) विमा : त्यात विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च आहे ना, ते तपासा. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी लपवू नका. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जाऊ शकतो.

२) नेहमीची औषधे : मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कक्षात ते गोठले तर निकामी होते.

३) डास : मलेरिया नसला तरी डेंग्यू आहे. हा डास दिवसा चावतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा जास्त जपा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर प्रवासाचा उल्लेख जरूर करा.

४) पाणी : टायफॉइड तिथेही आहे. लस जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. मुसळधार पावसानंतर नदीत, धबधब्याखाली उतरू नका. मुंबईच्या पुरात भेटणारा लेप्टोस्पायरोसिस तिथेही आहे.

५) मासे : मासेखाऊंनो, हे नीट वाचा. प्रवाळाजवळच्या मोठ्या माशांत (बराकुडा, मोठे हेकरू, तांबोशी) सिग्वाटेरा नावाचे विष असू शकते. ते शिजवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही. उलट्याजुलाब, ओठांना मुंग्या, थंड वस्तू हाताला चटका देणारी वाटणे ही त्याची लक्षणे. त्यामुळे बराकुडा टाळाच, आणि प्रवाळातले मोठे मासेही नकोत.

आता आपल्याकडून बेटावर जाणाऱ्या आजाराबद्दल. १८७५ साली फिजीचे प्रमुख चाकोबाऊ सिडनीहून परतले, त्या जहाजातून गोवर आला. त्या साथीत सुमारे ४० हजार माणसे गेली असे मानले जाते. ही केवळ जुनी गोष्ट नाही. २०१९ मध्ये शेजारच्या सामोआत, सुमारे दोन लाख वस्तीच्या देशात, गोवराने ८३ जीव घेतले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. लसीकरण घसरलेले होते आणि विषाणू प्रवाशासोबत आला.

म्हणून गोवराच्या लसीचे दोन डोस झाले आहेत का, हे घरातल्या प्रत्येकाचे पाहा, नातवंडांचे सर्वांत आधी. ही लस गरोदरपणात देत नाहीत. अंगावर ताप, पुरळ असेल तर प्रवास पुढे ढकला. तिकिटाचे पैसे बुडतील, पण मोजकी रुग्णालये असलेल्या देशात साथ नेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे सगळे आयत्या वेळी होत नाही. प्रवासाच्या किमान सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.