नवी आवृत्ती, जुनी मुदत

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात कापूस-सोयाबीन घेणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष आता दोन पंचांगांवर चालते. एक पावसाचे आणि दुसरे संकेतस्थळांचे. जूनमध्ये पेरणी, जुलैअखेर पीकविम्याचा अर्ज, ऑगस्टपासून मोबाइलवर ई-पीक पाहणी आणि अधूनमधून सातबारा. पहिल्या पंचांगाची लहर त्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे; दुसऱ्याची मात्र दूरच्या शहरांत ठरते. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द सेवा केंद्राच्या रांगेतील निरक्षर माणसालाही समजतात. त्यामागे पुष्कळदा गर्दी असते. पण कधी कधी चालू प्रणाली बदलून तिची नवी आवृत्ती बसविली जात असते. हा बदल करावा कसा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून देण्याजोगा राहिलेला नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्याने तो ठळकपणे समोर आणला. ३ डिसेंबर रोजी ‘रिॲक्ट’ या फ्रेमवर्कमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा. अर्जाचे रकाने, बटणे, याद्या प्रत्येकाने मुळापासून न घडविता या सांगाड्यावर उभ्या करायच्या असतात. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, २०१३ मध्ये खुला केलेला रिॲक्ट आज जगभर वापरला जातो. त्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागातील या त्रुटीमुळे कोणाही परक्याला परवलीच्या शब्दावाचून त्या सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालविता येत होत्या. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. उपाय वरकरणी सोपा होता. १९.२.० ही आवृत्ती काढून १९.२.१ बसवायची. रूढ संकेतानुसार क्रमांकातील शेवटचा आकडा बदलला, तर ती निव्वळ दुरुस्ती असते. पहिला बदलला, तर जुने काम नव्यावर चालेलच याची हमी नसते. गंमत अशी, की ही त्रुटी १९ व्या मालिकेतच होती. १८ वर थांबलेले त्या दिवशी निश्चिंत होते. नवे ते सुरक्षित, असे सरसकट म्हणता येत नाही ते यासाठी.

दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, भर दुपारी शेअर बाजार सुरू असताना झिरोधा आणि ग्रो यांच्या सेवा कोलमडल्या. असंख्य संकेतस्थळांची वाहतूक ज्या क्लाउडफ्लेअर कंपनीतून जाते, तिच्याकडून जाणाऱ्या वाहतुकीपैकी सुमारे २८ टक्के वाहतूक जवळपास २५ मिनिटे अडली होती. हल्ला झालेला नव्हता. रिॲक्टच्या त्रुटीपासून ग्राहकांना वाचविण्यासाठी कंपनीने केलेला बदलच तिच्यावर उलटला होता. त्यातील पहिला बदल टप्प्याटप्प्याने पसरविला जात होता. त्याच्या आड येणारे एक अंतर्गत चाचणीचे साधन बंद करण्याचा दुसरा, किरकोळ वाटणारा बदल मात्र साऱ्या जाळ्यावर एकदम लागू केला गेला आणि जुन्या आज्ञावलीतील एक सुप्त चूक जागी झाली. जे हळूहळू केले ते निभावले. जे एका झटक्यात केले ते अंगाशी आले.

मग बदलूच नये का? त्याचेही उत्तर अनुभवाने दिलेले आहे. मार्च २०१७ मध्ये ‘ॲपाची स्ट्रट्स’ या फ्रेमवर्कची दुरुस्ती उपलब्ध झाली. अमेरिकेतील लोकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीने ती एका प्रणालीवर बसविली नाही. मे महिन्यापासून चोरटे आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१९ मध्ये कंपनीला किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. फ्रेमवर्क जुना झाला की त्याचे निर्माते दुरुस्ती करणेही थांबवितात. गूगलच्या ‘अँग्युलरजेएस’चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. तथापि गूगलने एक शहाणपण दाखविले होते. २०१६ मध्ये आलेला नवा अँग्युलर जुन्याशी जुळणारा नसला, तरी दोन्ही एकाच संकेतस्थळात शेजारी-शेजारी चालविण्याची सोय त्यांनी दिली. राहत्या घराची एकेक खोली दुरुस्त करावी, तसे एकेक पान नव्यावर न्यायचे.

आपल्याकडे ही रीत फारशी रुजलेली नाही. प्राप्तिकर खात्याचे जुने संकेतस्थळ १ ते ६ जून २०२१ बंद ठेवून ७ जूनला नवे उघडण्यात आले आणि तक्रारींचा पूर लोटला. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी इन्फोसिसच्या प्रमुखांना पाचारण केले. विवरणपत्रांची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. जुने दार उघडे ठेवले असते, तर हा प्रसंग इतका चिघळला नसता, असे आमचे मत आहे.

राज्याचा अनुभव यापेक्षा बोलका आहे. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन भरून घेण्यात आले, १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रे वाटण्यात आली आणि पाठोपाठ याद्यांतील घोळ उघड होऊन यादी संकेतस्थळावरून उतरवावी लागली. पुढच्या कर्जमाफीत २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली ती अवघ्या ६८ गावांची, १५,३५८ शेतकऱ्यांची. या गावांत आधार पडताळणी पार पाडून मगच राज्यभरच्या याद्यांना हात घालण्यात आला. दोन्ही योजनांच्या गुणदोषांवर वाद घालता येईल; पण प्रणाली आणण्याची दुसरी पद्धत निर्विवाद सरस होती.

ई-पीक पाहणीचीही आधी निवडक तालुक्यांत चाचणी झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर आली. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला स्वतःची चूक ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. ही मुभा मोलाची आहे. परंतु शेतकऱ्याला दिलेली ही माघारीची वाट प्रणाली बदलणाऱ्यानेही स्वतःसाठी राखायला हवी. नवी आवृत्ती फसली, तर तासाभरात जुनी परत आणता आली पाहिजे आणि दरम्यान भरलेला एकही अर्ज हरवता कामा नये. यातला दुसरा भाग अवघड असतो. पडदा पूर्ववत करणे सोपे. नव्या रकान्यांत साठलेली माहिती जुन्या रकान्यांत बसविण्याची तयारी मात्र बदलापूर्वीच करावी लागते.

हे सारे आर्णीसाठी का महत्त्वाचे? शेअर बाजारातील गुंतवणूकदाराचे पंचवीस मिनिटांचे नुकसान सोमवारी भरून निघू शकते. पीक पाहणीची मुदत हुकली, तर पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागते. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीत नोंद नसलेले शेतकरी आधी वगळले गेले; पुढे सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरावी लागली. त्यांतील कोणाचा आळस होता आणि कोणाचा मोबाइल साथ देत नव्हता, हे यादीत दिसत नव्हते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयातील नव्या फोनवर झरझर उघडणारे पान शिवारातील जुन्या फोनवर अडखळते, आणि चाचणी मात्र बहुधा कार्यालयातच होते.

२०२३ मध्ये पीकविम्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. अशा आठवड्यांत कोणत्याही प्रणालीचा सांगाडा हलविणे म्हणजे भर पेरणीत तिफण मोडून नवी जोडायला बसणे होय. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती त्याला अपवाद. ती कोणत्याही दिवशी बसवावीच लागते, तीही आधी थोड्या सर्व्हरवर. मोठ्या बदलासाठी मात्र कापूस उलंगल्यानंतरचे एप्रिल-मे हे दोन महिने मोकळे आहेत. आर्णीसारख्या एखाद्या तालुक्यात त्या काळात नवी आवृत्ती चालवून पाहावी, जुनी शेजारी तशीच ठेवावी आणि तलाठ्यांकडून व सेवा केंद्रांकडून आलेल्या तक्रारी निस्तरल्यावरच बाकीच्या तालुक्यांची तारीख ठरवावी.