दुपार : दोन प्रहरांची मर्यादा
इंदापूर तालुक्यात नीरा-भीमेच्या संगमावर वसलेल्या नरसिंहपुरातील नृसिंह या दैवताच्या जन्मकथेत दिवस व रात्र यांच्या सांध्याला निर्णायक महत्त्व आहे. रामजन्म मध्याह्नी, तर वैशाख शुद्ध चतुर्दशीचा नृसिंहजन्म म्हणूनच सूर्यास्ताच्या सुमारास साजरा होतो, आणि दिवसाचे भाग नेमके ओळखण्याची गरज अशा परंपरेत सहज कळते. या भागांपैकी ‘दुपार’ हा शब्द ‘द्विप्रहर’ या संस्कृत शब्दापासून आला असून, प्रहर म्हणजे अहोरात्राचा आठवा भाग, सुमारे ३ तास, असल्याने सूर्योदयापासून दोन प्रहर लोटल्यावरचा क्षण हा त्याचा मूळ अर्थ ठरतो. व्यवहारात मात्र हा क्षण पसरून १२ ते ४ असा काळ झाला. ‘भर दुपारी’ म्हणताना माथ्यावरचे ऊन अभिप्रेत असते, ‘दुपार टळली’ म्हणताना ते कललेले असते आणि ‘तिसऱ्या प्रहरी’ ही छटा तर आता जवळजवळ लोपली आहे, ही खरोखर हानी होय. धर्मशास्त्रात दिवसाचे प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न असे पाच भाग मानले असून श्राद्धासाठी अपराह्णकाळ सांगितला आहे. लेखनात ‘मध्यान्ह’ हे रूप सर्रास आढळत असले, तरी ‘अहन्’, म्हणजे दिवस, या शब्दामुळे ‘मध्याह्न’ हेच शुद्ध आहे. ‘अपराह्ण’मध्ये मात्र आधीच्या ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ होतो. दुपारी १२ वाजून गेल्यावर ‘सकाळी साडेबारा’ लिहिणे चूकच; संध्याकाळच्या ५ ला दुपार म्हणणेही तितकेच खटकते.