शरदातले उसने पान

आपल्या महाविद्यालयांत अलीकडे एक नवा विधी रुजू लागला आहे. पहिले सत्र संपत आले, अंतर्गत परीक्षांचे गुण भरून झाले, की एखाद्या दुपारी सभागृहात टेबले मांडली जातात. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक छापील कागद येतो. त्यावर मेपलच्या पानाची बाह्यरेषा असते, शेजारी रंगीत पेन्सिलींचा खोका. मंद संगीत सुरू होते आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना येते : विचार करू नका, फक्त रंगवा. फलकावर 'ऑटम आर्ट : स्वतःसाठी एक तास' असे काहीतरी लिहिलेले असते. शेवटी हजेरी होते, अहवालासाठी छायाचित्रे निघतात आणि 'विद्यार्थ्यांचे भावनिक स्वास्थ्य' या रकान्यात एक उपक्रम नोंदवला जातो.

अशाच एका तासाला मी पर्यवेक्षक म्हणून उभी होते. २०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. त्याच्या आधीच्या महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या नद्या शेतांत शिरल्या होत्या. द्वितीय वर्षातल्या एका मुलीने आपले पान एकाच तपकिरी रंगाने भरले होते. रंग रेषेबाहेर गेला, कागदाच्या कडेपर्यंत गेला, तरी तिचा हात थांबत नव्हता. कार्यशाळा घेणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. वाकून म्हणाल्या, "अगं, जरा छान रंग घे ना. केशरी घे, पिवळा घे. मन प्रसन्न होईल." मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पान नाही. आमचं रान आहे." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मीही काही बोलले नाही. संध्याकाळी भिंतीवर निवडक पाने लागली, त्यांत ते नव्हते.

हा लेख त्या बाईंविरुद्ध नाही. त्यांना सांगितलेले काम त्यांनी चोख केले. माझी तक्रार त्या कामाच्या कल्पनेविरुद्ध आहे. दुःख म्हणजे उतरवायचा ताण आणि कला म्हणजे तो उतरवायचे साधन, ही ती कल्पना. तिच्यात दुःखाचाही अपमान आहे आणि कलेचाही. साहित्य शिकवणारे आपण या कल्पनेला फारशी हरकत घेत नाही, हे मला अधिक लागते.

आधी त्या पानाविषयी. ते कुणाचे आहे? समशीतोष्ण प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले, थंडी पडू लागली, की झाडे पानांतले हरितद्रव्य मोडून आत घेतात. मग खालचा पिवळा दिसू लागतो आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. त्या मुलखातल्या माणसाला ऑक्टोबरात मेपलचे पान रंगवावेसे वाटले, तर तो आपल्या दारातलेच पान रंगवत असतो. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर हा पानगळीचा महिना नव्हे. आपल्या पानझडी रानांत साग, पळस, पांगारा यांची पाने हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. म्हणून तर मर्ढेकरांच्या १९३९ च्या पहिल्या संग्रहाचे नाव 'शिशिरागम' आहे. लाल पानाचा अर्थही इथे बहुधा उलटा असतो. कुसुमाची लाल पालवी, आंब्याची तांबूस पालवी ही नव्या पानांची असते. आवारातला बदाम तेवढा पाने लाल करून गाळतो, पण त्याच्याकडे मान वर करून पाहायला त्या तासात कुणी सांगितले नाही.

शब्दकोशात 'ऑटम' म्हणजे शरद, पण शब्दांची ही जोडी ऋतूंना लागू पडत नाही. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तला तिसरा सर्ग शरदाचा. त्यातला शरद काशफुलांचा, निवळलेल्या पाण्याचा, हंसांचा आणि चांदण्याचा आहे. नववधूसारखा सजलेला आहे. शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद आपण देतो, तेव्हा या ऋतूला वर्षाचेच नाव देतो. त्याच्या उंबरठ्यावर पितृपक्ष असतो आणि आत नवरात्र, कोजागरी, दिवाळी. शेतकऱ्याच्या घरी याच दिवसांत खरिपाचा हिशेब लागतो. मेलेल्यांची आठवण, कापणी, कर्ज, चांदणे हे सारे ज्या ऋतूत एकत्र येते, त्याच्या जागी आपण परदेशी पानाची एक पोकळ बाह्यरेषा ठेवली आणि मुलांना म्हणालो, भरा.

आता इंग्रजीच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवली जाणारी कीट्सची 'टु ऑटम' घ्या. ती १८१९ च्या सप्टेंबरातली. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात त्याचा भाऊ टॉम क्षयाने गेला होता आणि कीट्सने त्याची शुश्रूषा केली होती. पुढे १८२१ च्या फेब्रुवारीत तो स्वतः त्याच रोगाने गेला. या कवितेत पानगळ जवळजवळ नाहीच. आहे ती सुगी, कापलेले शेत आणि संध्याकाळचे आवाज. मृत्यू जवळ असताना या माणसाने ऋतूकडे पाठ फिरवली नाही, तो अधिक बारकाईने पाहू लागला. तिला 'मन शांत करणारी निसर्गकविता' म्हणणाऱ्याने ती वाचलेली नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. २००५ साली करी आणि कॅसर या संशोधकांनी अमेरिकेत ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांच्यात थोडी चिंता जागी केली. मग काहींना मंडलाची आकृती रंगवायला दिली, काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना कोरा कागद. आकृती रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा अधिक उतरली. प्रौढांसाठीच्या रंगवण्याच्या पुस्तकांची लाट पुढे आली. जोहाना बॅसफोर्डचे 'सीक्रेट गार्डन' २०१३ चे. तिच्या समर्थनार्थ हा प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो, आणि मला तो खोटा ठरवायचा नाही. आखलेल्या रेषेत रंग भरताना मन स्थिरावते, हे रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्याने अर्धा तास पान रंगवले, तर त्याला कुणी हसू नये.

पण त्याच प्रयोगाकडे साहित्याच्या माणसाने दुसऱ्या बाजूने पाहावे. कोऱ्या कागदापुढे चिंता तितकी उतरत नाही. का उतरावी? तिथे काय काढायचे हे ठरवावे लागते, आणि ठरवायचे म्हटले की आत जे आहे ते वर येते. ही अस्वस्थता कलेतला दोष नव्हे. कलेची सुरुवात तिथूनच होते. रेषा दुसऱ्याने आखली, रंग कोणता 'छान' तेही दुसऱ्याने ठरवले, तर उरते ती विश्रांती. तिला विश्रांतीच म्हणावे. झोपेला आपण योग म्हणत नाही. त्या मुलीने रेषा ओलांडली तेव्हा सभागृहात त्या दुपारी पहिल्यांदा कलेची शक्यता निर्माण झाली होती, आणि नेमके तेव्हाच तिला रंग बदलायला सांगितले गेले.

'विश्रांती' हा शब्दही आपण स्वस्तात देऊ नये. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरत म्हणतो की नाट्य हे दुःखाने, श्रमाने, शोकाने पीडलेल्यांना विश्रांती देईल. म्हणजे कलेने दिलासा द्यावा हे आपल्याला परदेशी कार्यशाळांनी शिकवलेले नाही. पण भरताची विश्रांती करुण रस वगळून येत नाही. अभिनवगुप्ताने तो शब्द पुढे नेला तेव्हा त्याने रसास्वादात चित्ताच्या विसावण्याविषयी लिहिले. ते विसावणे शोकातून जाऊन येते, शोकाला वळसा घालून येत नाही. ॲरिस्टॉटलचे विरेचनही भीती आणि करुणा जागवून मगच घडते. हे सारे आपण एम. ए.च्या वर्गात शिकवतो, प्रश्नपत्रिकेत टिपा लिहायला देतो, आणि शेजारच्या सभागृहात 'विचार करू नका' ही सूचना निमूट ऐकतो.

ज्यांच्या नावावर हे उपक्रम चालतात त्यांचा इतिहासही असा गुळगुळीत नाही. 'आर्ट थेरपी' हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल याने १९४२ मध्ये वापरात आणला. तो स्वतः क्षयरोगी म्हणून आरोग्यधामात पडून होता आणि तिथेच चित्रे काढू लागला होता. १९४५ च्या त्याच्या पुस्तकाचे नावच मुळी 'आर्ट व्हर्सस इलनेस' असे होते. त्याच काळात फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार टेरेझिनच्या ज्यू वस्तीत मुलांना चित्रकला शिकवत होती. मुलांनी चित्रावर आपले नाव घालावे असा तिचा आग्रह असे. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारले गेले. मागे दोन पेट्यांत सुमारे ४,५०० चित्रे राहिली. तिची विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत या उपचारपद्धतीच्या अग्रणींपैकी एक झाली. आणि आज मलमांच्या जाहिरातींत वापरला जाणारा 'सेल्फ-केअर' हा शब्द? ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीने १९८८ च्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट'मध्ये, कर्करोगाशी झुंजत असताना, स्वतःला जपणे हे राजकीय कृत्य म्हणून मांडले. ज्या व्यवस्थेला आपण जगावे असे वाटत नाही तिच्यासमोर टिकून राहणे, हा तिचा अर्थ. आपण त्या शब्दातली व्यवस्था काढून टाकली आणि रंगीत पेन्सिली ठेवल्या.

शरदातल्या करमणुकीचा आणि दुःखाचा संबंध पाहायचा तर दूर जायला नको. हस्त नक्षत्राच्या दिवसांत, नवरात्रात, पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरत. कुठे भोंडला, कुठे हादगा. विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. चित्र काढणे होते, माळा गुंफणे होते, गाणे होते आणि खिरापत ओळखण्याची गंमत होती. पण गाण्यांत काय होते? सासरचा जाच, दुरावलेले माहेर, मारझोड, उपास. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेपुढे सासू कारल्याच्या बीपासून भाजीपर्यंत एकेक अट ठेवत जाते, आणि साऱ्या पुऱ्या झाल्यावर तिला पुढच्या माणसाकडे धाडते. ज्यांची लग्ने लहानपणीच झाली त्या मुलींनी ही तक्रार हसत, नाव घेऊन, घोळक्याने, चारचौघांच्या अंगणात गायिली. त्या परंपरेचेही सोवळेकौतुक नको. कुणाच्या अंगणात कुणाच्या मुलींना बोलावणे जाई, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि गाऊन जाच थांबला असेही नाही. तरी फरक पाहा. त्या फेरात कुणी कुणाला 'प्रसन्न विषय घे' म्हणाले नाही. आपल्या सभागृहात प्रत्येकजण एकटा, आपापल्या कागदावर वाकलेला, आणि तक्रार हा एकच रंग खोक्यात नसलेला.

कुणी म्हणेल, एका तासाच्या निरुपद्रवी उपक्रमावर एवढा राग कशासाठी? तो ज्या गोष्टीच्या जागी बसवला जातो तिच्यासाठी. पूर्णवेळ समुपदेशकाचे पद मंजूर करण्याऐवजी हा तास होतो. पूरग्रस्त मुलांच्या शुल्काला मुदत देण्याऐवजी, वसतिगृहाच्या खाणावळीकडे पाहण्याऐवजी हा तास होतो. तासिका तत्त्वावर राबणारे आमचे तरुण सहकारी पुढच्या सत्रात काम मिळेल का या काळजीत असतात, त्यांनाही सत्रान्ती याच तासाला बसवले जाते. दुःखाची कारणे बाहेर असतात आणि उपाय मात्र प्रत्येकाच्या बोटांत दिला जातो. मग पान रंगवूनही बरे वाटले नाही, तर दोष कुणाचा? अर्थात रंगवणाऱ्याचा. या उपक्रमाचा हा संदेश मला निरुपद्रवी वाटत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. कार्यशाळा जरूर घ्या, पण कागद कोरा द्या. कोऱ्या कागदावर जे येईल ते पाहायला प्रशिक्षित माणूस ठेवा, कारण कोरा कागद देऊन निघून जाणे हेही क्रौर्यच. ऋतूच हवा असेल तर मुलांना आवारात न्या आणि त्या आठवड्यात तिथे खरोखर काय आहे ते काढायला सांगा : वाळलेला आघाडा, तेरड्याची बोंडे, ऑक्टोबरचे ऊन. आणि भाषेच्या विभागांनी निदान एवढे करावे, की 'हे पान नाही' असे कुणी म्हटले, तर पुढचे वाक्य ऐकायला थांबावे.

मी थांबले नव्हते. दोन दिवसांनी तिला विभागात बोलावले आणि रानाविषयी विचारले. किती एकर, काय पेरले होते, पाणी किती दिवस होते. तिने सगळे नीट, हिशेब सांगावा तसे सांगितले. तो कागद तिच्याच वहीत होता. मी तो मागून घेतला आणि विभागाच्या सूचनाफलकावर लावला, खाली तिला हवे होते म्हणून तिचे नाव आणि गावाचे नाव. अहवालात त्याचे छायाचित्र गेलेले नाही. पण येता-जाता मुले तिथे उभी राहतात आणि हे काय आहे असे विचारतात. तीच त्यांना सांगते.