अनाथांचा सांभाळ की अनाथांवर हक्क?

१/ नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथ व विधवांचा संकटकाळी समाचार घेणे हेच निर्मळ धर्माचरण मानले आहे. त्यासाठी बाप्तिस्म्याची अट तेथे नाही.

२/ १५५९ साली पोर्तुगालचा राजा सेबास्तियन याच्या नावे गोव्यासाठी फर्मान निघाले: आईबाप व आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजाच्या स्वाधीन करून बाप्तिस्मा द्यावा. पुढे तर पिता वारला की, आई हयात असूनही, मूल अनाथ ठरू लागले.

३/ राजा तेव्हा अवघा ५ वर्षांचा होता. पिता त्याच्या जन्माआधीच वारला होता, आई स्पेनला परतली होती. त्याचा सांभाळ आणि राज्यकारभार, दोन्ही आजी कॅथरीन पाहत होती. त्या विस्तारित व्याख्येने खुद्द राजाही अनाथच. पण त्याला आजीपासून कोणी हिरावून नेले नाही.

४/ ‘तो काळच तसा होता’ ही सबब टिकत नाही. याकोबाचे पत्र त्या काळीही तेच सांगत होते. विधवेचे लेकरू काढून घेणारा कायदा त्या वचनातील दोघांचाही अपराधी ठरतो.

५/ या कायद्याचा निषेध करण्यासाठी ख्रिस्ती धर्माबाहेर जाण्याची गरज नाही. त्याचेच वचन पुरेसे आहे.