विहिरीत पोहणारा समुद्रात का बुडतो?

सोयाबीन घरात आले, दिवाळी झाली, की मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावांत सहलीचे बेत सुरू होतात. शाळांच्या सहली एसटीने निघतात, तरुण मंडळी वर्गणी काढून गाडी ठरवतात. पूर्वी सहल म्हणजे शेगाव, वेरूळ, फार तर पंढरपूर-कोल्हापूर. आता त्या यादीत अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली आणि गोवाही आले आहेत. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते आमणे असा पूर्ण खुला झाला आहे. घाटावरच्या माणसाला समुद्र आता एका दिवसाच्या प्रवासावर आला आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. काळजी आहे ती एवढीच, की रस्ता झाला पण समुद्राची ओळख झालेली नाही.

बुलढाणा जिल्ह्याला खारे पाणी नवे नाही. लोणारचे सरोवर याच जिल्ह्यातले. पण लोणारच्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही, लाट नाही. गावाकडचा मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत, पाठीला डबा किंवा कमरेला दोर बांधून. दोन उन्हाळ्यांत तो काठावरून मुटका मारू लागतो आणि मग त्याला पाण्याची भीती राहत नाही. विहिरीतले पाणी मात्र जागचे हलत नाही. चार हात मारले की कडा येते, पायरी येते, नाहीतर वरून सोडलेला दोर हाताला लागतो. ‘मला पोहता येते’ याचा अर्थ एवढाच असतो, की थांबलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे तरंगता येते. समुद्रात पाणीच चालत असते आणि कडा दूर जात असते. पोहता न येणारा बहुधा गुडघाभर पाण्यात थांबतो. छातीभर पाण्यापर्यंत जातो तो थोडे पोहता येणारा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ जणांचा बळी गेला. अशा घटनांनंतर होणारी चर्चा ठरलेली असते: मुले बेशिस्त, शिक्षक बेजबाबदार, सहली बंद करा. पाण्यात नेमके काय घडते, याची चर्चा क्वचितच होते.

लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे ढकलत असतात. ते पाणी परत जायलाच हवे. ते सगळीकडून सारखे परत जात नाही. वाळूत जिथे थोडा खोलगट भाग असेल तिथून एखाद्या पाटासारखे जोरात आत वाहते. हाच परतीचा प्रवाह. तो काही मीटर रुंदीचा असू शकतो, पण जोरावर असला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. घातक गोष्ट अशी, की त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत दिसणारे पाणी. नवख्या माणसाला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते आणि लहान मुलांना घेऊन तो तिथेच उतरतो.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. बुडणारा बुडतो तो किनाऱ्याच्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, जीव खाऊन हात मारल्यामुळे. दोन-तीन मिनिटांत तो दमतो, एक लाट तोंडावर येते, पाणी स्वरयंत्रापाशी जाते, घसा आवळतो आणि ओरडताही येत नाही. सिनेमात दाखवतात तसे हात हलवून ‘वाचवा’ म्हणणे प्रत्यक्षात फार कमी वेळा घडते. बुडणे बहुतेक वेळा मुके असते. शेजारचा मोबाईलवर फोटो काढत असताना माणूस जातो. अशा प्रवाहात सापडलेल्याने पाठीवर तरंगावे, दम राखावा, किनाऱ्याला समांतर आडवे सरकावे आणि लाटा फुटताना दिसतात तिथून परत यावे. कुणाला बुडताना पाहिले तर मागून उडी टाकू नये. एकाच वेळी अनेक जण जातात ते पुष्कळदा एकमेकांना वाचवायला उतरल्यामुळे. दोर, रिकामा कॅन, फुटबॉल, एकमेकींना बांधलेल्या ओढण्या, जे तरंगेल किंवा लांब पोचेल ते फेकावे.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे प्रकार अजून सर्रास चालतात. पोटातले पाणी जीव घेत नाही. जीव जातो तो मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने. पोट दाबले की उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. सपाट जागी पाठीवर झोपवावे, श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास असे चालू ठेवावे, आणि दुसऱ्या कुणी तोवर १०८ लावावा. शुद्धीवर आलेल्यालाही ‘आता बरा आहे’ म्हणून गाडीत बसवून परतीला लागू नये. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. तो वेळ रुग्णालयातच काढायला हवा.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक मोबाईलवर मिळतेच. पण कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब घाटावरच्या माणसालाही सहज जमेल, कारण तिथी पाहायची सवय त्याला आहेच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. पंचमीला पाचाचे पाऊणपट, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होतील, कधी अर्धा तासही, पण पाणी चढते आहे की उतरते आहे हे कळायला एवढे पुरते. ओहोटी लागलेली असताना खोल पाण्यात उतरणे म्हणजे समुद्राच्या हातात हात देणे. आणि वाळूवर नेलेल्या गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या ज्यांनी हसत वाचल्या, त्यांनी आपली गाडी कुठे लावली होती तेही आठवावे.

उन्हाचा गैरसमज तर याहून मोठा. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणारा माणूस कोकणात ३४ अंश पाहून म्हणतो, ‘इथे तर गारवा आहे.’ आपल्याकडची हवा कोरडी असते. घाम उडतो आणि अंग निवते. कूलर चालतो तोही त्याच नियमाने. किनाऱ्यावर हवेत आधीच ओलावा भरलेला असतो, घाम नुसता निथळतो, अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा पारा विदर्भाच्या मानाने काहीच नव्हता. किनाऱ्यावर ११ ते ४ सावलीत राहावे, आणि डोके दुखणे, मळमळ, बरळणे यांना ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देऊ नये. शहाळे चांगलेच, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, त्यात पोटॅशियम भरपूर असते. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच असल्याने हे मुद्दाम सांगायला हवे.

एवढे वाचून कुणी सहल रद्द करणार असेल तर ते चूक होईल. समुद्र पाहायला पोहावे लागत नाही. किंबहुना त्याची खरी श्रीमंती पोहणाऱ्याला दिसतच नाही. सकाळच्या ओहोटीत खडकाळ किनाऱ्यावर पाण्याची डबकी उघडी पडतात. त्यांत खेकडे, शंखातले जीव, समुद्रफुले, बोटाएवढे मासे असतात. मुलांना तासभर तिथे बसवावे. फक्त परतायची वेळ आधी ठरवावी, कारण भरती मागच्या बाजूनेही येते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले घरट्यातून निघून समुद्राकडे जाताना पाहता येतात. वाळूच्या उबेवर त्यांचे नर-मादी होणे ठरते, हे सांगितल्यावर कोणत्याही मुलाचे डोळे मोठे होतात. खाडीतली होडी, कांदळवनातले बगळे, संध्याकाळी ओल्या वाळूवरून अनवाणी चार किलोमीटर चालणे. मधुमेही मात्र चप्पल घालून, कारण बधिर पायाला शिंपला लागलेला कळत नाही. होडीत बसताना लाईफ जॅकेट हवेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तीही किनाऱ्याकडे परतताना.

‘समुद्रात उतरू नये’ अशी पाटी लावून शासनाची जबाबदारी संपते, हे मात्र पटणारे नाही. हजार किलोमीटरवरून आलेला माणूस पाण्यात उतरणारच. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची यंत्रणा उभी केली. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्याची, लाल झेंडा म्हणजे मनाई, हे तिथे आलेल्याला दिसते. महाराष्ट्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर झेंडाही नाही आणि सांगणारा माणूसही नाही. पाटीने दाखवायला हवे ते असे: आज भरती किती वाजता, उतरायची जागा कोणती, टाळायची कोणती.

आणि काही काम गावातच करता येण्याजोगे आहे. देशात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची संख्या पस्तीस हजारांच्या पुढे आहे. त्यातले बहुतेक समुद्रात नव्हे, विहिरीत, नदीत, तलावात जातात. आपल्याकडे त्यात शेततळ्यांची भर पडली आहे. त्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कडेला बांधलेला गाठींचा एक दोर आणि दोन जुने टायर एवढ्यावर जीव वाचतो. पेनटाकळी धरणाच्या काठावर जाणाऱ्या मुलाला आणि मुरूडला जाणाऱ्या मुलाला एकच धडा लागतो: तरंगायचे कसे, फेकायचे काय, श्वास द्यायचा कसा. सहलीआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना अर्धा तास शाळेत बोलावले तरी तो होतो. सहलीच्या संमतिपत्रावर पालकांची सही घेतातच. त्याच कागदावर त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ छापावी, आणि सही करण्याआधी पालकांनी ती विचारावी.